म्युनिकची भाचरं सहा आठवडे पार्ल्यात: कुठे पैसे गेले आणि कुठे वसूल झाले

आधीच सांगते, हे लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

माझी बहीण म्युनिकला असते. तिची दोन मुलं, थोरली अकराची आणि धाकटा आठचा, २०२५ साली २ ऑगस्टला आली ती ११ सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे पार्ल्यालाच होती. बहीण आठवडाभर राहून परत गेली आणि दोन्ही पोरं आमच्या ताब्यात, म्हणजे मी, माझा नवरा आणि आई. जाताना बहिणीने दोनच अटी घातल्या, एक म्हणजे दिवसभर टॅबलेटसमोर बसवायचं नाही आणि दुसरी म्हणजे परत येताना मराठी वाचता आलं पाहिजे. नुसतं बोलता नको, वाचता. मी म्हटलं हो गं होईल, मुंबईत क्लासेसना काय तोटा आहे.

तोटा नाही हे खरं, पण वेळेचं गणित आपल्याला अजिबात माहीत नसतं. आपल्याकडची सगळी शिबिरं, पोहण्याचे उन्हाळी वर्ग, व्यक्तिमत्त्व विकास, संस्कार वर्ग वगैरे एप्रिल-मे मध्ये. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की सगळं गुंडाळलं जातं. आणि परदेशातली मुलं नेमकी त्यानंतर येतात. अमेरिकेतली बरीचशी जूनच्या मध्यानंतर, आखातातली जुलै-ऑगस्टला, आणि बव्हेरियाची सुट्टी तर सुरूच होते ऑगस्टला. म्हणजे तुमची मुलं येतात तेव्हा इथली मुलं युनिट टेस्टमध्ये असतात आणि वर पाऊस. ऑस्ट्रेलियावाले त्यातल्या त्यात नशीबवान, ते डिसेंबर-जानेवारीत येतात, हवा छान, मैदानं कोरडी. बाकीच्यांनी उन्हाळी शिबिर हा शब्दच विसरायचा आणि वर्षभर चालणाऱ्या नेहमीच्या क्लासमध्ये महिन्यापुरतं कोण घेतं ते शोधायचं. हे मला कळेपर्यंत एक आठवडा आणि बरेच पैसे गेले होते, ते कुठे गेले ते आता सांगते.

पहिली चूक. नाव घेत नाही, पण एका टॉवरच्या पोडियमवर एक चकाचक हॉबी सेंटर आहे, एसी, भिंतीवर जगाचा नकाशा, खाली बाहेरून येणाऱ्या मुलांसाठी खास दोन आठवड्यांचं पॅकेज. योगा, बॉलिवूड डान्स, मातीकाम, रांगोळी, आणि आठवड्यातून दोन तास 'भाषा'. एका मुलाचे १४,००० रुपये, दोघांचे २८,०००, शिवाय ॲप्रन आणि बॅगचे वेगळे. मी भरले. कारण फोनवरची मुलगी इतकी गोड बोलत होती आणि मला वाटलं एका ठिकाणी सगळं होतंय, रिक्षाचे हेलपाटे वाचतील.

तिसऱ्या दिवशी थोरलीला विचारलं आज काय केलं, तर म्हणाली नमस्ते कसं करायचं ते शिकवलं. अगं बाई, ही पोरगी जन्मल्यापासून आजीच्या पाया पडते आहे! वर्गात सगळी मुलं बाहेरचीच, न्यूजर्सी, दुबई, सिंगापूर, सगळ्यांचं आपापसात इंग्रजी, शिकवणाऱ्या ताईंचं पण इंग्रजी. म्हणजे आमच्या दोघांचं इंग्रजी सुधारलं असतं कदाचित. भाषेच्या तासाला हिंदी, कारण मराठीला 'पुरेशी संख्या' नाही. पार्ल्यात! धाकट्याने चौथ्या दिवशी जायला साफ नकार दिला आणि उरलेल्या पैशांबद्दल विचारलं तर पावतीच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेली ओळ दाखवली. पावतीची मागची बाजू वाचायची हे मी एरवी सगळ्या जगाला सांगत असते.

दुसरा प्रयत्न पोहण्याचा. थोरलीकडे जर्मनीतला पोहण्याचा ब्राँझ बिल्ला आहे, तिकडे मुलांना आधी सीपफेर्डशेन म्हणजे समुद्रघोड्याचा बिल्ला मिळतो आणि मग ब्राँझ, सिल्व्हर असं पुढे, आणि ते बिल्ले स्विमसूटवर शिवून घेतात. तर ही २०० मीटर आरामात पोहणारी मुलगी. एका तलावावर गेलो तर फॉर्मवर आधारचा रकाना. यांच्याकडे जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड, म्हणजे मूळच्या भारतीयांना परदेशी पासपोर्टवर मिळतं ते. खिडकीतल्या माणसाने ओसीआय कार्ड उलटंपालटं करून बघितलं, आतल्या माणसाला दाखवलं, तो पण बघून गेला, शेवटी आधार घेऊन या म्हणाले. दुसऱ्या एका खाजगी ठिकाणी घेतलं, पण नवीन आलेला प्रत्येक जण पहिले पाच दिवस दांडी धरून पाय मारणार असा नियम. तिने बिल्ला दाखवला तर कोच म्हणाले छान आहे, आता पाय मार. पाच दिवस मारले बिचारीने, सहाव्या दिवशी तलाव देखभालीसाठी बंद. इथे पोहणं हा विषय संपला.

क्रिकेटचं पण लवकर सांगून टाकते. धाकट्याला फार हौस होती, कारण त्याच्या वर्गात कोणी खेळत नाही आणि बाबा सारखे मॅच लावतात. पण ऑगस्टमध्ये बहुतेक ठिकाणी नेट्स बंद. एका रविवारी माझा नवरा त्याला शिवाजी पार्कला घेऊन गेला आणि पावसातल्या कांगा लीगच्या गोष्टी सांगितल्या, ती १९४८ पासून मुद्दाम पावसाळ्यातच खेळतात, ओली विकेट, गवतात अडकणारा बॉल वगैरे. धाकट्याचं म्हणणं एकच, मग मला का नाही खेळू देत. बरोबरच आहे त्याचं.

पण त्याच रविवारी तिथे एक काम झालं. पार्कातल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या बाजूने जाताना नवऱ्याने मल्लखांबाचा विषय काढला. हे १९२५ चं मंदिर, म्हणजे २०२५ ला शंभर वर्षं, आणि तिथल्या उदय देशपांडे सरांना २०२४ साली मल्लखांबासाठीच पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा पण २०१९ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कलाच झाली होती, जर्मनीचे लोक पण उतरले होते म्हटल्यावर थोरलीचे कान टवकारले. आता पार्ल्याहून रोज दादरला नेणं आणणं आम्हाला जमणार नव्हतं (पावसात वेस्टर्न रेल्वे आणि दोन मुलं, नको), म्हणून घराजवळ शोधलं आणि स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर एक जुनी व्यायामशाळा सापडली. मी त्या रस्त्याने वीस वर्षं जाते-येते आहे. कधी आत डोकावले नव्हते.

नाव लिहीत नाही, कारण सरांनीच सांगितलं की आमच्याकडे जागा नाही, तुम्ही काही लिहू नका कुठे. विचारलंत तर सांगेन, पण मी सांगितलं असं म्हणू नका.

जागा म्हणजे काय, एक पत्र्याचा हॉल, पाऊस पडला की आत एकमेकांचं ऐकू येत नाही. खाली गाद्या, मध्ये दोन पुरलेले खांब, एक छोटा आणि एक मोठा, आढ्याला लटकवलेले तीन दोर, कोपऱ्यात हनुमान आणि त्याच्यासमोर सतत विझणारा दिवा. बाथरूमबद्दल विचारू नका, तिथे पाच पैकी एक स्टार. एरंडेलाचा वास दारातच येतो, खांबाला घर्षण कमी व्हावं म्हणून एरंडेल लावतात. मी सरांना सगळी परिस्थिती सांगितली, परदेशातली आहेत, पाचच आठवडे आहेत, आधार नाही, डॉक्टरचं सर्टिफिकेट उद्या आणते, आईची सही व्हॉट्सॲपवर मागवते. सरांनी मुलांच्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "कागद नंतर आणा, आधी नखं कापून या."

प्रवेश २०० आणि महिन्याचे ८०० प्रत्येकी. मी दोनदा विचारलं, आठशेच ना? तो २८,००० चा आकडा आठवून पोटात कसंसंच झालं.

आता इथे जरा सविस्तर लिहिते कारण पैसे इथे वसूल झाले. सरांनी यांना पाहुणे म्हणून वागवलंच नाही. पहिल्या दिवशी इतर मुलांबरोबर रांगेत उभं केलं, मारुतीला नमस्कार, मग धावणं, बैठका, जोर. सगळं मराठीत, आणि मराठी म्हणजे मैदानावरचं, दोन शब्दांचं. गुडघा ताठ. पंजा ताण. मान आत. श्वास घे. सोड. सोडू नको. हळू. परत. धाकट्याला पहिल्या दिवशी यातलं निम्मं कळलं नाही, पण बाजूचा मुलगा करतो ते करायचं एवढं कळत होतं, आणि ज्याला हात लावून दाखवलं तो शब्द परत विचारावा लागला नाही. आठवड्याने आई कोचावर पाय दुमडून बसली होती तर हा पठ्ठ्या तिच्यासमोर उभा राहून सरांच्या आवाजात म्हणतो, "आजी, पंजा ताण!" आईचे गुडघे दुखतात, तरी तिने ताणला.

खांबाला अंग, मान, बोंड असे भाग असतात हे मला बावन्नाव्या वर्षी भाचीकडून कळलं. खालचा जाड भाग अंग, वरची निमुळती मान आणि टोकाला गोल बोंड. मोठा खांब जमिनीपासून साडेआठेक फूट. सरांनी एकदा पाऊस फार होता आणि मुलं कमी होती तेव्हा बसवून गोष्ट सांगितली, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले बाळंभटदादा देवधर, कुस्तीच्या सरावासाठी पहिलवानाच्या जागी खांब, म्हणून मल्ल-खांब. थोरलीने ती गोष्ट फोनवर बाबांना जर्मनमध्ये सांगितली, मधे मधे फक्त बाळंभटदादा आणि बोंड एवढंच मला समजत होतं.

थोरलीला आधी दोरावर घातलं. पूर्वी मुलींना दोराचाच मल्लखांब असायचा, आता मुली खांबावरही असतात आणि तिला खांबच हवा होता, त्यावरून थोडी धुसफूस झाली. दोराला गाठ नसते, दोर पायाच्या अंगठ्याच्या आणि शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पकडून वर चढायचं, आणि पहिले चार दिवस त्या बेचक्याची जी सालटी निघतात! मी रात्री हळद आणि तूप लावून देत होते आणि मनात म्हणत होते की बहिणीला फोटो दिसला तर माझी खैर नाही. खरखरीत दोराने पोटरीला पण लाल वळ आले. सरांना सांगितलं तर म्हणाले दोन दिवस दोर बंद, खाली सूर्यनमस्कार घाल, आणि खरंच नजर ठेवून होते, ती चोरून दोराकडे गेली तर लांबून ओरडले. शेवटच्या आठवड्यात ती आढ्यापर्यंत चढून वर एका पायाचा वेढा देऊन दोन्ही हात सोडून बसली. मी खाली उभी होते, माझे हात गाद्यांपेक्षा पुढे.

धाकट्याची प्रगती विचाराल तर सलामी आणि अर्धी साधी अढी. अर्धी म्हणजे पाय वर जाऊन खांबाला विळखा पडतो, पण मग तो उलटा लटकत हसत बसतो आणि पुढचं होत नाही. पाच आठवड्यांत एवढंच होतं, जे क्लासवाले महिन्यात मास्टर करू म्हणतात त्यांच्यापासून लांब राहा.

एक तक्रार आहे. बॅचमध्ये मुलं खूप, संध्याकाळी ६ ते ७ च्या वेळेत चाळीसेक, आणि खांब दोनच, त्यामुळे रांगेत उभं राहण्यातच अर्धा वेळ जातो. पण खरं सांगू का, मराठी त्या रांगेतच शिकली दोघं. रांगेत पुढे कोण घुसला, कोणाचा नंबर होता, "ए म्युनिक, सरक ना", हे असलं सगळं. धाकट्याचं नावच पडलं म्युनिक. आधी तो "माझ्याकडे भूक आहे" असं बोलायचा, जर्मनमध्ये भूक 'असते' ना जवळ, तसं. दोन आठवड्यांनी घरात शिरता शिरता "जाम भूक लागलीय" वर आला. हे कुठल्या पुस्तकात आहे?

१६ ऑगस्टला दहीहंडी होती, तिथे पण व्यायामशाळेतली मोठी मुलं थरात. धाकट्याला वर चढायचं होतं, तर त्याच मुलांनी सांगितलं की चौदा वर्षांखाली चढू देत नाहीत, कायदा आहे. जर्मन पोराला कायदा म्हटलं की लगेच पटतं, माझ्यापेक्षा लवकर पटलं.

मग १८ आणि १९ तारखेचा तो पाऊस. शाळा बंद, गाड्या बंद, व्यायामशाळेच्या गल्लीत गुडघाभर पाणी. मी मुलांना दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही, साचलेल्या पाण्यात खेळून लेप्टो वगैरे झाला तर कोण निस्तरणार. (बाहेरून मुलं येणार असतील तर ट्रॅव्हल इन्शुरन्स खेळाला लागू आहे का ते आधी बघा, आमचा होता.) दोन दिवस करायचं काय, तर आईने पत्ते काढले. बदाम सात. आमच्या आईचं बालपण सावंतवाडीचं, पत्त्यांत ती कोणाला सोडत नाही, नातवाला तर नाहीच. बदाम, चौकट, किलवर, इस्पिक, राणी, गुलाम, एक्का, "लावतोस की पास", "अडवून ठेवलास ना मेल्या". धाकटा एकदा रडला, एकदा जिंकला, आणि दोन दिवसांत एक ते तेरा आकडे तोंडावर आले, तेही खर्च शून्य. दुपारी पिसायचं म्हणजे काय यावर थोरलीने मला विचारलं की कपडे पण पिसतात का. मी म्हटलं नाही गं, कपडे पिळतात, कोंबडीची असतात ती पिसं, आणि पत्ते पिसतात. ती म्हणाली हे फेअर नाहीये.

आता वाचायचं. बहिणीची दुसरी अट विसरले नव्हते मी.

आधी ऑनलाइन एक कोर्स घेऊन बघितला होता, मुलं यायच्या आधीच, म्हणजे जुलैत म्युनिकमधून. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं आणि समोरचे सर वाचणार, मुलांनी मागून म्हणायचं, "मी शाळेत जात आहे, तू शाळेत जात आहेस." घरात कोण बोलतं असं? चार तासांनंतर थोरलीने विचारलं की मावशी पण 'जात आहे' का म्हणत नाही, ती 'जातेय' म्हणते. तो बंद केला.

मग व्यायामशाळेतल्याच एका मुलाच्या आईने बाई सुचवल्या. प्राथमिक शाळेतून रिटायर होऊन त्यांना दहा-बारा वर्षं झाली असतील. दोघांचे मिळून तासाला ३५० रुपये, आठवड्यातून चार सकाळी, ११ ते १२, कारण त्या वेळी इथली मुलं शाळेत आणि बाई मोकळ्या. ही वेळेची युक्ती लक्षात ठेवा, संध्याकाळी कोणी मोकळं नसतं, सकाळी अशा रिटायर झालेल्या बाई मोकळ्या असतात.

बाईंनी पहिल्या दिवशी पुस्तकच काढलं नाही. दोघांना घेऊन खाली रिक्षा स्टँडपर्यंत गेल्या आणि बोर्ड वाचायला लावले. वाचता येत नाही म्हणाले तर म्हणाल्या, ओळखीचं चित्र शोधा. 'क' शोधा. केमिस्टमधला क, केकमधला क, कटिंगमधला क. दुसऱ्या दिवशी बेस्टच्या बसवरचे आकडे. ५ आणि ६ मध्ये धाकट्याचा गोंधळ व्हायचा तो शेवटपर्यंत झाला, पण बस आली की ओरडून नंबर वाचायचं वेड लागलं, सगळा बसस्टॉप वळून बघायचा. मग घरी बालभारतीचं पहिलीचं पुस्तक, ते त्यांच्या साइटवरून फुकट उतरवता येतं, मी छापून आणलं. पुढे 'किशोर'चे जुने अंक, १९७१ पासूनचं मासिक आहे ते, बाईंकडे गठ्ठाच होता. परत गेल्यावरसाठी बाईंनी स्टोरीवीव्हर नावाची वेबसाइट सांगितली, त्यावर मराठी गोष्टी सोप्या-कठीण पातळीप्रमाणे मोफत आहेत. अमेरिकेतल्या लोकांना हे सगळं करायची तशी कमी गरज, तिकडे बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आहेत गावोगाव, त्यातली मुलं आली तर बाराखडी तरी येत असते.

पण मला बाई आवडल्या त्या वेगळ्याच कारणासाठी. त्यांना जर्मन येत नाही, तरी त्या सारखं विचारायच्या, तुमच्यात याला काय म्हणतात. त्यातून गंमतच बाहेर आली. अमेरिकेतल्या माझ्या चुलत भावाच्या मुलांना तो-ती-ते शिकवताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले होते, टेबल 'ते' का आणि खुर्ची 'ती' का. या दोघांना काही प्रॉब्लेमच नाही, कारण जर्मनमध्ये तीन लिंगं आहेतच, देअर, दी, दास. फक्त तिकडे मुलगी नपुंसकलिंगी, दास मेडशेन, त्यामुळे धाकटा बहिणीला "ते आलं" म्हणायचा. बाई सुधारायला गेल्या तर आतून आमची आई ओरडली, "आमच्या मालवणीत पण चेडू नपुंसकच असता, ता चेडू!" त्यानंतर अर्धा तास क्लास झाला नाही, आई आणि बाई गप्पा मारत बसल्या, मी तासाचे पैसे पूर्ण दिले.

आकड्यांचं पण तसंच. जर्मनमध्ये पंचवीस म्हणजे पाच-आणि-वीस, आधी एकक मग दशक, आपल्यासारखंच. थोरलीला सत्तावीस, अडतीस पटापट आले. आपल्याकडे २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात, जोडाक्षरं मुलांना जड जातात म्हणून, 'वीस सात' असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. जर्मनीत आख्खा देश उलटे आकडे म्हणतो आणि त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही, हे माझं मत, वाद घालायला येऊ नका. अडला तो एकोणतीस. 'तीसला एक कमी' हे ऐकून थोरली म्हणाली, मग एकोणनव्वद म्हणजे नव्वदला एक कमी? हो. मग नव्व्याण्णव? बाई हसल्या आणि म्हणाल्या उद्या सांगते.

ळ साठी बाईंनी केळं वापरलं. डब्यात केळी आणायच्या आणि 'केळं' नीट म्हटल्याशिवाय द्यायच्या नाहीत. केला म्हटलं की म्हणायच्या, "काय केला?" चौथ्या दिवशी धाकट्याने जीभ मुडपून असा काही ळ काढला की बाईंनी त्याला दोन दिली. शेवटी शेवटी त्याला बाजाराची यादी लिहायला दिली होती, त्याने लिहिलेलं 'कोथिंबीर' मी जपून ठेवलंय, पहिली वेलांटी थ च्या ऐवजी क वर चढली आहे आणि अनुस्वार रस्ता चुकून र वर गेला आहे, पण भाजीवाल्याने वाचली आणि जुडी दिली.

बाईंची एक अडचण अशी की त्या फोन उचलत नाहीत, मेसेज बघत नाहीत, रजा घ्यायची तर जाऊन सांगावं लागतं. आणि शुद्धलेखन फार लावून धरतात, धाकट्याला सुरुवातीला कंटाळा आला होता, दोन दिवस पोटात दुखलं त्याच्या. मग मी सांगितलं तेव्हा ओळी कमी केल्या.

गणपती २७ ऑगस्टला. त्याच्या आधी दहा दिवस सोसायटीच्या पार्किंगमध्ये मुलांची लेझीम बसवत होते, वरच्या मजल्यावरचे काका शिकवतात दर वर्षी. थोरली नुसती बघायला गेली आणि कोणीतरी हातात लेझीम दिली. चार आवाज, मग दो रुख, चुकलं की पहिल्यापासून. पहिल्या दिवशी बोट चिमटलं साखळीत. मिरवणुकीत मागच्या रांगेत होती ती, एक पाऊल सगळ्यांच्या मागे, पण तोंडावर जो भाव होता तो त्या पोडियमवरच्या डान्सच्या व्हिडिओत कुठेच नाही. म्युनिकच्या मराठी मंडळाच्या गणपतीत ती दर वर्षी जाते, नवा ड्रेस घालून, जेवून परत. इथे घामाने चिंब होऊन रात्री साडेदहाला आली आणि म्हणाली, मावशी मला कोणी विचारलंच नाही मी कुठून आले.

खर्चाचा हिशोब ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी: हॉबी सेंटर २८,००० गेले, वापर साडेतीन दिवस. पोहणं ४,५०० गेले. व्यायामशाळा दोघांचे दोन महिन्यांचे धरून ३,६००. बाई २० तास, ७,०००. पत्ते आणि लेझीम फुकट. बाईंना शेवटी मी साडी नेली तर रागावल्या, मग थोरलीने स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र दिलं, आठ ओळींचं, ते मात्र घेतलं. त्यात चार चुका होत्या. त्यांनी तिथल्या तिथे लाल पेनाने सुधारल्या आणि मग पर्समध्ये ठेवलं.

तुम्ही शोधणार असाल तर मुलं यायच्या महिनाभर आधी स्वतः जाऊन बघून या, फोनवर सगळे हो म्हणतात. वर्गात इथली मुलं किती आणि बाहेरची किती ते मोजा. शिकवणारे आपापसात कुठल्या भाषेत बोलतात ते दारात उभं राहून ऐका. बाथरूम घरूनच करून पाठवा.

बहिणीने घरी पोचल्यावर बॅग उघडली आणि तिथूनच व्हिडिओ कॉल, काय गं हे, सगळ्या कपड्यांना एरंडेलाचा वास येतोय. मागे धाकटा पलंगाच्या खांबाला पाय लावून अर्धी अढी मारत होता. पुढच्या वर्षीचं आत्ताच विचारून ठेवलंय तिने. पंचांग बघितलं तर २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला, आणि यांची शाळा १५ ला सुरू. थोरलीला सांगितलं तर जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "सरांना विचार ना, ते दीड दिवसाची रजा देतील का." मी म्हटलं कुठले सर, मल्लखांबवाले? तर म्हणाली नाही गं, माझ्या शाळेचे. तिला वाटतंय नखं कापून गेलं की सगळीकडे चालतं.